कोपरला बॉम्ब न फुटल्याचा पुरावा

आयुष्यात मला एकाच गोष्टीचा भाव पाडता आला नाही, आणि म्हणून ती गोष्ट मी घेतलीच नाही. ती म्हणजे दहशतवादी हल्ल्यापासूनचा विमा. घेतला असता तर पुढचे दोन महिने सुखात गेले असते, असं बायको अजून ऐकवते. मला ते मान्य नाही. माझी चूक थोडी झाली असेल, पण माझ्यावर अन्याय झाला तो जास्त, आणि तो मी इथे सविस्तर लिहून ठेवणार आहे.

मी मंडप डेकोरेटर. सतराव्या वर्षी संगमेश्वरकडच्या गावातून डोंबिवलीत आलो आणि दुसऱ्याच्या मंडपाचे बांबू खांद्यावरून वाहू लागलो. आज कोपरला माझे शेजारी शेजारी दोन गाळे आहेत. त्यात लोखंडी सांगाडे, पडदे, कनाती, थर्माकोलचे खांब, कापडी फुलांच्या कमानी आणि नवरा-नवरीने बसायची चार सिंहासनं. हे सगळं मी भाव करून उभं केलं. कुणी मला काही फुकट दिलेलं नाही आणि सांगितल्या किमतीला मी काही घेतलेलं नाही.

माझी पद्धत साधी आहे. मागताना दुप्पट मागायचं, सांगताना दुप्पट सांगायचं. समोरचा आपल्याला निम्म्यावर आणतोच, म्हणजे जिथे पोचायचं तिथे आपण बरोबर पोचतो. पंचवीस वर्षं गिऱ्हाइकांशी हेच केल्यामुळे आता ते इतर ठिकाणीही आपोआप होतं. एकदा मला दोन दिवस ताप होता. डॉक्टरांना मी चार दिवस सांगितले. त्यांनी काहीही कमी न करता सगळ्या रक्ततपासण्या लिहून दिल्या, चार दिवसांचा ताप म्हणजे डेंग्यू बघायलाच हवा म्हणाले. मला त्यांचाच राग आला. शिकल्या-सवरल्या माणसाने थोडी तरी घासाघीस करायला हवी.

गेल्या वर्षी मोठा एलईडी पडदा आणि नवे सांगाडे घ्यायला मी बँकेचं कर्ज काढलं. बँक म्हणाली, गाळ्यांचा आगीचा विमा काढा. त्यासाठी मी ठाण्याला एका विमा कंपनीच्या कचेरीत गेलो. तिथे टेबलामागे एक मॅडम बसल्या होत्या. चाळिशीच्या, चष्मा, आणि आवाज असा की मी माझा चढवला की त्या आपला उतरवायच्या. शेवटी त्यांचं ऐकू यावं म्हणून मलाच गप्प बसावं लागायचं. भांडणात ही पद्धत मी त्यापूर्वी पाहिली नव्हती.

त्यांनी कागद पुढे केला. आग, वीज, पूर, स्फोट वगैरे वर एकत्र, आणि खाली वेगळी एक ओळ होती: दहशतवादी कृत्याने होणारं नुकसान. तिचा हप्ता वेगळा. रक्कम म्हणाल तर एका स्टेजच्या खऱ्या फुलांहूनही कमी, पण मला रकमेशी कर्तव्य नव्हतं. वरच्या हप्त्यावर मी तासभर बोललो तेव्हा आग विझवायची नळकांडी लावायच्या अटीवर मॅडमनी थोडी सूट दिली होती. खालच्या ओळीवर मात्र त्या हलेनात.

हा दर आमच्या हातात नाही, असं त्या म्हणाल्या. दहशतवादी हल्ल्याचं नुकसान एकट्या कंपनीला झेपत नाही, म्हणून देशातल्या कंपन्यांनी मिळून एक सामायिक निधी केला आहे, एक सरकारी कंपनी तो सांभाळते, आणि दर तिथून ठरून येतो. धंद्याच्या जागेला जो दर आहे तो आहे, मग ती जागा कुठेही असो.

हे ऐकून मी खुर्ची पुढे ओढली. म्हणजे मुंबईत समुद्रासमोर ज्यांची हॉटेलं आहेत त्यांना जो दर, तोच कोपरच्या गाळ्याला?

"तोच," मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, आमच्याकडे रिक्षावाला यायला तयार नसतो. अतिरेकी कशाला येईल?"

"नाही येणार, असंच आपण समजू या. दर तोच."

मग मी म्हटलं, निम्म्या मालाचा द्या. नाही. लग्नाच्या हंगामापुरता द्या, पावसाळ्यात तर तिथे आम्हीच जात नाही. नाही. ठाण्याचे मॉलवाले जास्त भरतील आणि आम्ही कमी, असं काही करा. तेव्हा मॅडमनी चष्मा काढून पुसला आणि हळू आवाजात म्हणाल्या की आपल्याकडे काही होणार नाही असं वाटणाऱ्यांनी भरलंच नाही, तर ज्यांच्याकडे होतं त्यांचं कुणी भरायचं. यावर उत्तर देता येण्यासारखं होतं, पण नेमकं त्या वेळी सुचलं नाही, आणि न सुचलं की मला राग येतो. मी सांगितलं, काट मारा त्या ओळीवर.

त्यांनी काट मारली आणि आणखी एक कागद सहीसाठी दिला. वाचून सही करा, म्हणाल्या. जे घ्यायचंच नाही ते वाचायचं कशाला, असं म्हणून मी सही ठोकली. पुढचे सहा महिने, डोंबिवलीत मला चहाला भेटलेल्या प्रत्येकाला मी सरकारला कसं परत पाठवलं ते सांगितलं.

आता कॉम्प्रेसरचं सांगायला हवं. हल्ली बारशाला, डोहाळजेवणाला, पोराच्या पहिल्या वाढदिवसाला लोकांना फुग्यांची कमान लागते. हजार-दीड हजार फुगे तोंडाने कोण फुगवणार? हवेचा कॉम्प्रेसर लागतो. नव्याची किंमत ऐकून मी कल्याणच्या भंगार बाजारात गेलो. तिथे एका म्हाताऱ्याचं दुकान आहे. बाबा अस्सल इथलाच, आगरी, डोक्यावर टोपी, आणि मालावर असा बसलेला की भंगार कुठे संपतं आणि बाबा कुठे सुरू होतो ते चटकन कळत नाही. त्याच्याकडे एक जुना कॉम्प्रेसर होता. बाबाने आधीच सांगितलं की टाकी आतून गंजली आहे, यात हवा भरू नको, लोखंडाच्या भावात ने. मी म्हटलं मला टाकी नकोच आहे, मोटर आणि खालचा स्टँड घेणार, टाकी फेकून देणार. मग टाकी फेकायचीच आहे तर तिचं वजन कशाला धरता, या मुद्द्यावर मी दीड तास काढला. शेवटी बाबाने हात जोडले आणि घेऊन जा म्हणाला.

टाकी अर्थातच फेकली नाही. सिंहासनांचा सोनेरी रंग उरला होता तो तिला मारला. आठ महिने ती उत्तम चालली. येणारा-जाणारा तिच्याकडे बघायचा.

गणपती विसर्जन होऊन आठवडा झाला होता. पितृपक्षात कामं नसतात, म्हणून नवरात्राच्या एका मंडळासाठी आम्ही फुग्यांच्या कमानीचा नमुना करत होतो. दुपारचे चार वाजले. टाकी भरू दे म्हणून कॉम्प्रेसर चालू ठेवून मी आणि माझे दोन कामगार समोरच्या टपरीवर चहाला गेलो. चहा हातात आला आणि टाकी फुटली. छपराचा पत्रा एका कोपऱ्यातून उचलला गेला, कुठेतरी तार तुटली, ठिणगी पडली आणि पडद्यांनी पेट घेतला.

चहा पाच मिनिटं उशिरा मागवला असता तर काय झालं असतं, याचा विचार मी आजवर एकदाच केला आहे. पुन्हा करणार नाही.

त्या वेळी मात्र मी पुढचा विचार करत होतो. तुळशीचं लग्न झालं की हंगाम सुरू. माझ्याकडे चौदा लग्नांच्या तारखा बुक होत्या आणि लोकांनी दिलेली आगाऊ रक्कम मी त्याच पडद्यांत आणि खांबांत घातली होती. ते जळून गेले तर चौदा घरांना नाही म्हणायचं आणि पुन्हा दुसऱ्याचे बांबू उचलायचे. आणि गेल्या वर्षी मागच्या गल्लीत एका छापखान्याला आग लागली होती, तेव्हा आगीचा बंब यायला फार वेळ लागला होता, कारण रस्त्यात टेम्पो उभे होते आणि आग लागली एवढ्यावर टेम्पो हलवायला कुणी उठत नाही. लोक उठतील असं काहीतरी सांगायला हवं होतं. मी एकशे बारा नंबर फिरवला आणि सांगितलं, कोपरला बॉम्ब फुटलाय.

पलीकडच्या बाईंनी विचारलं, "तुम्ही स्वतः पाहिलात?"

"डोळ्यांनी."

"किती स्फोट झाले?"

"दोन," मी म्हटलं.

एक झाला होता. दोन कसे आले ते देवाला माहीत. सवय.

बंब लगेच आला, हे मान्य करावं लागेल. त्याच्या मागून पोलीस आले, बॉम्बशोधक पथक आलं आणि एक कुत्रा आला. टेम्पो तर आपोआप नाहीसे झाले. मला वाटलं आता घासाघीस होईल, दोनाचा एक होईल, एकाचा शून्य होईल, आणि आग विझेल. पण सरकारी माणसं भाव करत नाहीत. दुसरा बॉम्ब सापडल्याशिवाय जवानांना आत सोडायला पथक तयार होईना. जवानांनी बाहेरूनच, लांबून, पाणी मारलं. एका गाळ्यातला माल जळाला आणि दुसऱ्यातला, ज्याला आगीने स्पर्शही केला नव्हता, तो भिजून गेला. कुत्रा सगळीकडे फिरून आला आणि एका सिंहासनावर चढून बसला. पथक दहा मिनिटं त्या सिंहासनाभोवती श्वास रोखून उभं होतं. शेवटी कळलं की त्याला मखमल आवडली होती.

एवढ्यात बायको आली. ती बँकेत होती, तिथे कुणाच्या तरी मोबाइलवर कोपरला दोन बॉम्ब असा निरोप आला. तो निरोप तोवर कळव्यापासून कल्याणपर्यंत पोचला होता. आमच्या भागात हा शब्द ऐकून लोक हसत नाहीत, आपल्या माणसाला फोन लावतात. माझा फोन पोलिसांनी घेतला होता. ती पायात एकच चप्पल घेऊन पोलिसांचं कडं तोडून आत शिरली, आणि मी टपरीवर दुसरा चहा पीत बसलेला तिला दिसलो. ती आल्या पावली परत फिरली. दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "मला फक्त एवढं सांगा, दोन कशाला?"

हाच प्रश्न त्या संध्याकाळी पोलीस ठाण्यात इन्स्पेक्टर साहेबांनीही विचारला होता.

"आवाजावरून बॉम्ब वाटला, समजलं," ते म्हणाले. "दोन कशावरून वाटले?"

"अंदाजे."

"बॉम्ब अंदाजे?"

खोटी खबर दिल्याचा गुन्हा दाखल करू का, असं विचारून त्यांनी मला नऊ वाजेपर्यंत बाकावर बसवून ठेवलं. शेवटी, माणूस घाबरला होता, असं लिहून सोडून दिलं. मी घाबरलो नव्हतो, असं मी त्यांना सांगू लागलो, तेव्हा हवालदाराने मला दारापर्यंत नेऊन सोडलं.

मी विम्याचा क्लेम केला. पाहणी करायला कंपनीचा सर्व्हेयर आला. कळव्याला राहणारा, बारीक अंगाचा, मोजपट्टी आणि डबा घेऊन फिरणारा शांत माणूस. मी नुकसानीची यादी तयार ठेवली होती, अर्थातच माझ्या पद्धतीने. त्याने ती वाचली आणि एका ओळीवर बोट ठेवलं: नवा कॉम्प्रेसर, एक.

"नवा होता?"

"नवा कोरा."

"बिल?"

"जळालं."

तो माणूस वाकला आणि काळ्या राखेतून टाकीचा एक तुकडा उचलून बघू लागला. तुकड्याला सोनेरी रंग होता. त्याने तो पिशवीत टाकला आणि झाडाखाली बसून डबा खाल्ला.

पंधरा दिवसांनी ठाण्याहून पत्र आलं. नियंत्रण कक्षाच्या नोंदीनुसार घटनास्थळी दोन बॉम्बस्फोट झाले असून ते प्रत्यक्ष पाहणारा साक्षीदार उपलब्ध आहे. आपल्या पॉलिसीत दहशतवादी कृत्याचं संरक्षण नाही. सबब सदर नुकसान दहशतवादी कृत्याने झालेलं नाही हे आपण सिद्ध करावं.

मी पहिल्या गाडीने ठाण्याला गेलो. रागाने माझा आवाज आधीच बसला होता. मॅडमना विचारलं, हल्ला झाला असं तुम्ही म्हणताय, तर तुम्ही सिद्ध करा ना. मी का करायचं? मॅडमनी माझ्याच सहीचा कागद काढून दाखवला. तिथे लिहिलं होतं: संरक्षण घेतलं नसेल आणि कंपनीने नुकसान दहशतवादी कृत्याचं आहे असं म्हटलं, तर तसं नाही हे दाखवायची जबाबदारी विमा काढणाऱ्याची.

"पण मॅडम, कोपरला अतिरेकी कशाला येईल?"

"हे तुम्ही हप्ता भरताना सांगितलं होतं आणि मी मान्यही केलं होतं," त्या म्हणाल्या. "पण बॉम्ब पाहिल्याचं सांगणारा एकच माणूस आहे, आणि तो तुम्ही आहात."

मी म्हटलं मी खोटं बोललो होतो. त्या म्हणाल्या, तेच लिहून द्या, पण नुसत्या त्याने भागणार नाही. जो माणूस एकदा खोटं बोललो असं लिहून देतो त्याचं दुसरं वाक्य कुणी का मानावं. पोलिसांचा दाखला आणा आणि स्फोट मग कशाचा झाला ते दाखवा.

पोलिसांचा दाखला मिळायला खेटे घालावे लागले, पण मिळाला. त्यात लिहिलं होतं की घटनास्थळी स्फोटक पदार्थाचे अवशेष आढळले नाहीत. इथवर उत्तम. पुढे लिहिलं होतं की फिर्यादीने सांगितलेल्या दुसऱ्या स्फोटाचं ठिकाण मिळून आलं नाही. म्हणजे न झालेला स्फोट अजून हरवलेलाच होता, आणि तो माझ्या नावावर होता.

सर्व्हेयरला मी कळव्याला जाऊन गाठलं. तो म्हणाला, शेठ, नवा कॉम्प्रेसर आठ महिन्यांत आपोआप फुटत नाही. नवा होता असं तुम्ही म्हणता तोवर मला दुसरं कारण शोधावं लागणार. जुना होता, गंजलेला होता, असं विकणाऱ्याने लिहून दिलं तर माझ्याकडे तुकडा आहेच, मी तसा अहवाल देतो. मी घाबरत विचारलं, जुना म्हटलं तर क्लेम बुडणार नाही ना? तो म्हणाला टाकीचे पैसे मिळणार नाहीत, बाकीचं बघू. 'बघू' या शब्दावर मी आयुष्यात कधी सौदा केला नव्हता.

या सगळ्या काळात मला एक फोन रोज यायचा. डोंबिवली पूर्वेचे एक निवृत्त शिक्षक. त्यांच्या मुलीचं लग्न हंगामाच्या अगदी पहिल्या मुहूर्तावर होतं आणि चौदांतलं पहिलं नाव त्यांचं. ते कधी रागावले नाहीत. रोज संध्याकाळी सहा वाजता विचारायचे की आपलं काही निश्चित झालं का. एक दिवस म्हणाले, "हे पहा, जमणार नसेल तर तसं स्पष्ट सांगा. मी दुसरीकडे पाहीन. खोटी आशा मात्र दाखवू नका." मी जमेल म्हणून सांगितलं आणि फोन ठेवल्यावर लक्षात आलं की तुळशीच्या लग्नाला बावीस दिवस उरलेत आणि माझ्याकडे उभा करायला एक धड पडदा नाही.

दुसऱ्या दिवशी मी कल्याणला निघालो तेव्हा बायको चप्पल घालून दारात उभी होती. म्हणाली, मी येणार, आणि तिथे तुम्ही बोलायचं नाही.

बाबा होता तसाच, मालावर बसलेला. मला बघून त्याने टोपी नीट केली.

"काय रं शेठ, फुटला ना?"

सगळ्या बाजाराला माहीत होतं. मी खिशात हात घातला आणि विचारलं, एक कागद लिहून हवा आहे, काय घ्याल. बाबा म्हणाला, काय नाय. मी पुन्हा विचारलं. तो पुन्हा म्हणाला, काय नाय. ज्याला काही नको त्याच्याशी बोलणी सुरू कुठून करायची? मग मीच मसुदा सांगू लागलो: कॉम्प्रेसर वापरलेला परंतु चालू स्थितीत होता.

बाबाने मान हलवली. चालू स्थिती नाही, गंजलेला. ठीक आहे, मी म्हटलं, थोडाफार गंजलेला. थोडाफार नाही, आतून सडलेला. बरं, आतून जुना झालेला. असं आम्ही अर्धा तास एकेका शब्दावर चाललो होतो, आणि खरं सांगायचं तर कितीतरी दिवसांनी मला जरा बरं वाटू लागलं होतं. तेवढ्यात बाबा अशा वाक्यावर आला जिथे तो थांबलाच. त्याला लिहायचं होतं की हवा भरू नको असं मी याला बोललो व्हतो, आणि टाकी फेकून देतो असं हा बोलला. मी म्हटलं ते नको. ते लिहिलं तर मी जाणूनबुजून केलं असं होईल, क्लेम जाईल, चौदा लग्नं जातील, आम्ही रस्त्यावर येऊ.

"त्या दिशी तुला फुकट पायजे व्हता तो दिला," बाबा म्हणाला. "आता कागूद पण खोटा पायजे? जसं झालं तसं लिव्हीन. नायतर जा."

मी बायकोकडे पाहिलं. तिने दुकानात आल्यापासून पहिल्यांदाच तोंड उघडलं. "लिहा बाबा," ती म्हणाली. "जसं झालं तसं. यांचं मी बघते."

शेजारच्या दुकानातल्या पोरीने कागद लिहिला, बाबाने खाली आपल्या हाताने सही केली. मी त्या सहीकडे बघत होतो. काही न कापता, काही न वाढवता झालेला माझ्या आयुष्यातला तो पहिला व्यवहार होता आणि तो माझ्या विरुद्ध होता.

ठाण्यालाही बायको बरोबर आली. मॅडमसमोर मी बाबाचा कागद, पोलिसांचा दाखला आणि माझं स्वतःचं निवेदन ठेवलं. यादीही नवी केली होती. जुनी माझ्या पद्धतीची होती, ही खरी. कॉम्प्रेसर काढून टाकला होता. मॅडमनी सगळं वाचलं. बाबाच्या त्या वाक्यावर त्यांचं बोट थांबलं.

"म्हणजे तुम्हाला सांगितलं होतं," त्या म्हणाल्या.

"सांगितलं होतं."

"आणि तुम्ही ऐकलं नाही."

"नाही ऐकलं."

"किती स्फोट झाले?"

"एक."

"नक्की?"

"मॅडम, एक," मी म्हटलं, आणि तो आकडा उच्चारताना मला एवढा त्रास झाला की बायकोने पाण्याचा पेला पुढे केला.

मॅडम म्हणाल्या, निष्काळजीपणा आणि मुद्दाम केलेलं नुकसान यांत फरक आहे. माणसं निष्काळजी नसती तर आमची कचेरी बंद झाली असती. त्यांनी सगळे कागद टाचणीने एकत्र लावले आणि सर्व्हेयरकडे पाठवले.

दहा दिवसांनी मंजुरी आली, आणि खरा अन्याय तो इथे. सर्व्हेयरने माझ्या यादीतून ठिकठिकाणी कापलं होतं. पडदे दोन वर्षांचे, इतके कमी. कमानी वापरलेल्या, इतके कमी. पाण्याने भिजलेलं सिंहासन वाळवून वापरता येईल, काही नाही. मी कळव्याला फोन लावून ओरडलो की यादी खरी होती, एक पडदा जास्त लिहिला नव्हता. तो म्हणाला असेल, पण घसारा सगळ्यांनाच असतो. म्हणजे दुप्पट सांगणाऱ्यालाही कापायचं आणि खरं सांगणाऱ्यालाही कापायचं. मग खरं सांगून मला मिळालं काय? जुनी यादी राहिली असती तर कापून बरोबर खऱ्या आकड्यावर आली असती. बायको म्हणाली, जुनी यादी राहिली असती तर कॉम्प्रेसर नवा राहिला असता आणि काहीच आलं नसतं. तिचं म्हणणं तिच्यापाशी.

ही रक्कम संपूर्ण आणि अखेरची म्हणून मान्य आहे, अशा कागदावर सही करायची होती. मला भांडायचं होतं. वरच्या कचेरीत जायचं होतं, लिहायचं होतं, वर्ष लागलं तरी चाललं असतं. पण तुळशीच्या लग्नाला नऊ दिवस होते आणि संध्याकाळी सहाला फोन वाजणार होता. मी सही केली. पैसे आले त्याच दिवशी भिवंडीहून कापड उचललं, आणि घाईत असल्यामुळे दुकानदाराने सांगितला तो भाव दिला. ही जखम वेगळी, तिच्याविषयी मी लिहिणार नाही.

पहिल्या मुहूर्ताच्या दिवशी सकाळी मास्तर मंडपात आले. मंडप उभा होता. नवे पडदे, झेंडूच्या माळा, मधे तेच वाळवलेलं सिंहासन. मास्तरांनी चहूकडे पाहिलं, एका खांबावर बोटांनी टकटक केलं, माझा हात हातात घेतला आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं असतं. पण त्यांनी हात सोडलाच नाही.

"हे सगळं विम्याच्या पैशातून झालं ना?" ते म्हणाले.

मी हो म्हटलं.

"म्हणजे तुमच्या पदरचं यात काही गेलं नाही. मग आपल्या ठरलेल्या रकमेत काहीतरी कमी व्हायला हवं. मी म्हणतो, निम्मे."

मी कामगाराला दोन खुर्च्या आणायला सांगितलं. मास्तरांना एकीवर बसवलं, समोर मी बसलो, आणि कंपनीने कुठे कुठे आणि किती कापलं ते पहिल्या पडद्यापासून सांगायला सुरुवात केली. मुहूर्ताला अजून तीन तास होते.